उत्स्फूर्त म्हणण्याआधी

फ्लामेंको म्हणजे मनाला येईल ते वाजवणं आणि क्लासिकल गिटार म्हणजे कागदावरचं तंतोतंत वाजवणं, असा सरसकट समज आहे. मला तो पटत नाही, कारण त्यात कुणाची तरी मेहनत गाळली जाते.

फ्लामेंकोतला सोलेआ बारा मात्रांच्या आवर्तनात चालतो. जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. वादकाकडे आधीच रचून, घोटून ठेवलेले छोटे तुकडे असतात. त्यांना फाल्सेता म्हणतात. गायकाला साथ करताना कुठला तुकडा कधी घ्यायचा, कुठे थांबायचं, हे मात्र तिथल्या तिथे ठरतं. माझ्या कामाच्या भाषेत, फंक्शन्स आधीच लिहिलेली असतात. कुठलं कधी चालवायचं ते गायकाचा श्वास ठरवतो.

रामोन मोंतोया या रोमा वादकानं 1936 मध्ये पॅरिसला एकल वादन ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्या ‘रोन्देन्या’साठी त्यानं तारा वेगळ्याच सुरांत जुळवल्या होत्या. याला ‘रक्तातच आहे’ म्हणून मोकळं होणं म्हणजे त्याला रचनाकार म्हणायचं टाळणं.

उलट, गास्पार सान्सनं 1674 मध्ये छापलेल्या गिटारच्या पुस्तकात नाचांच्या चाली आणि त्यांवर बदलत जाणाऱ्या आवृत्त्या आहेत. त्या काळी वादकानं स्वतःची भर घालणं अपेक्षित होतं. आज त्याच आवृत्त्या जशाच्या तशा वाजवल्या जातात. नमुन्याचा नियम झाला.

पाको दे लुसियाकडे पाहिलं की हा गुंता स्पष्ट दिसतो. 1980 च्या सुमारास तो जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवू लागला. हे मॅक्लॉफ्लिन म्हणजे झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ काढणारे. जॅझमधलं मोकळं, लांबलचक सुचत जाणं फ्लामेंकोच्या या उस्तादाला नव्यानं शिकावं लागलं.

मग 1991 मध्ये त्यानं होआकिन रोद्रिगो यांचा ‘कोन्सिएर्तो दे आरानखुएस’ वाजवला. रोद्रिगो लहानपणापासून अंध. ते ब्रेलमध्ये रचना करत, स्वतः गिटार वाजवत नसत. पाकोला नोटेशन सहज वाचता येत नव्हतं. म्हणजे लिहिणाऱ्याला कागद दिसत नव्हता आणि वाजवणाऱ्याला तो नीट वाचता येत नव्हता, तरी रचना ठरलेली होती. क्लासिकल वादक लयीकडे पुरेसं लक्ष देत नाहीत, अशी पाकोची तक्रार होती. म्हणून त्यानं लय घट्ट धरली. वयोवृद्ध रोद्रिगो ते ऐकायला हजर होते.

स्वर रोद्रिगोंचे, चाल पाकोची. ते ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐका आणि स्वरांपेक्षा मात्रांकडे लक्ष ठेवा.