तारांचें चाक आणि वजनदार स्वार

माझें वजन ९८ किलो आहे. स्वतःच्या वजनाचा असा जाहीर उच्चार करणें शिष्टाचाराला धरून नाहीं, हें मी जाणतों. परंतु आजच्या विषयाचा उगमच त्या वजनांत असल्यामुळें माझा नाइलाज आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनीं सायकल चालविण्याचा सल्ला दिला. पुतण्यानें आपली शर्यतीच्या धर्तीची हलकी सायकल मला देऊं केली. पुण्याहून खडकवासल्याच्या रस्त्यानें मी रोज पहांटे जाऊं लागलों, आणि तिसऱ्या आठवड्यांत धायरी फाट्याजवळ मागच्या चाकाची एक तार ताडकन् तुटली. चाक इतकें वांकडें झालें कीं तें ब्रेकला घांसूं लागलें. सायकल ढकलीत घरीं आणावी लागली. नवी तार घातली ती टिकली. परंतु पंधरा दिवसांत तिच्या शेजारची तुटली. दुकानदार माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाला, “काका, दोष चाकाचा नाहीं.” वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यानें सौजन्यानें गिळला. मीं मात्र तो घरीं नेला आणि चाकाचा इतिहास वाचावयास बसलों.

आपल्या बैलगाडीचें चाक सर्वांनीं पाहिलेलें आहे. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले जाड लांकडी आरे, आणि बाहेरून तापवून चढविलेली लोखंडी धांव. निवतांना ती आकसते आणि सारे सांधे आवळून धरते. गाडीचा भार तुंब्यावर येतो आणि तुंबा खालच्या आऱ्यावर उभा राहतो, जशी खांबावर तुळई. आरा जितका जाड तितकें चाक बळकट, आणि तितकेंच जड. सायकलच्या पूर्वजांचीं चाकें याच जातीचीं होतीं. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें पायांनीं जमीन रेटीत जें दुचाकी वाहन चालविलें त्याचीं चाकें लांकडी होतीं, आणि १८६० नंतर पॅरिसमध्यें पायडल लावलेल्या ज्या गाड्या निघाल्या त्यांचींहि लांकडीच. इंग्रजांनीं त्या गाडीला ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असें नांव ठेविलें, तें अन्यायाचें नव्हतें.

लांकडी आऱ्याच्या जागीं बारीक तार घालावी ही कल्पना प्रथम ऐकणारास वेडगळ वाटेल. तारेवर भार ठेवला तर ती वाकते. परंतु तीच तार ओढून ताणली तर आपल्या जाडीच्या मानानें विलक्षण बोजा सहन करते. सर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाला १८०८ सालीं उडत्या यंत्रासाठीं हलकें चाक हवें होतें; तेव्हां ताणलेल्या दोरांवर चाक उभें करण्याचा विचार त्यानें टिपून ठेविला. ती कल्पना सायकलपर्यंत पोंचण्यास साठ वर्षें लागलीं. १८६९ सालीं पॅरिसच्या युजेन मेयर यानें प्रत्येक तारेचा ताण निरनिराळा जुळवितां येईल अशा चाकाचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांनीं ‘एरियल’ नांवाची सायकल काढली. तींत एक तरफ फिरवून सगळ्या तारा एकदम ताणण्याची सोय होती. स्टार्ली हा शिवणयंत्रांच्या कारखान्यांत काम केलेला माणूस.

त्याचें खरें मोठें काम १८७४ सालचें आहे. तोंवर तारा तुंब्यापासून सरळ परिघाकडे जात, सूर्याच्या किरणांप्रमाणें. पायडलवर जोर दिला कीं तुंबा किंचित् पुढें फिरे, परिघ मागें राही, आणि साऱ्या तारा मुळाशीं मुरगळत. स्टार्लीनें तारा तुंब्याला स्पर्शून तिरप्या नेल्या, निम्म्या पुढच्या अंगाला आणि निम्म्या मागच्या अंगाला, एकमेकींना छेदून. आज आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या सायकलकडे पाहा. दीडशें वर्षांनंतरहि बहुतेक चाकांची वीण तीच आहे. पुढें १८८५ सालीं त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानें साखळीची, लहान चाकांची ‘रोव्हर’ आणली, आणि १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्यानें मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला. चाकाला बसणारे धक्के त्यामुळें पुष्कळ कमी झाले.

आतां माझ्या वजनाकडे वळूं. स्वाराच्या भाराचा मोठा वांटा मागच्या चाकावर पडतो. जुन्या इंग्रजी कारखानदारांनीं हें ओळखून पुढच्या चाकांत ३२ आणि मागच्या चाकांत ४० तारा घालण्याची रीत पाडली होती. दोघांनीं चालवावयाच्या सायकलींत तर ४८ तारांचीं चाकेंहि असत. आपल्याकडे आलेल्या व पुढें येथेंच बनूं लागलेल्या काळ्या, दणकट सायकलींनीं ३२ आणि ४० हाच हिशेब उचलला. दोन्हीं बाजूंस दुधाच्या किटल्या लटकावून जाणारा गवळी आणि मुंबईचा डबेवाला यांचा संसार त्या चाकांवर चालला. त्यांच्यापुढें माझे ९८ किलो म्हणजे कांहींच नव्हेत.

मग बिघडलें कोठें? शर्यतींच्या हौसेनें. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत १९३७ सालीं साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली. पुढें मागच्या तुंब्यावर दंतचक्रांची संख्या वाढत गेली. आज ती तेरापर्यंत आहे. त्यांना जागा देण्यासाठीं उजव्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या कराव्या लागल्या. त्या फार ताणलेल्या आणि डाव्या बाजूच्या सैल, असें एकांगी चाक झालें. त्यांतच गेल्या तीसेक वर्षांत हलकेपणासाठीं व देखणेपणासाठीं तारांची संख्या घटली. पुतण्याच्या सायकलीला मागें चोवीसच होत्या.

तार तुटते कां, याचा उलगडा मला जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याच्या १९८१ सालच्या पुस्तकानें झाला. आपण समजतों कीं तुंबा वरच्या तारांना टांगलेला असतो. ब्रँटनें गणितानें दाखविलें कीं भार पडला असतां वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाहीं. जमिनीलगतच्या दोनचार तारांचा ताण मात्र उतरतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक तार एकदां सैलावते व पुन्हां ताणली जाते. एका किलोमीटरला असे सुमारे ४७० फेरे होतात, हजार किलोमीटरला पावणेपांच लाखांच्या घरांत. लोखंडी तार हातानें मागेंपुढें वाकवून तोडतात, तसाच हा प्रकार, फक्त सावकाश. आणि तार तुटते ती बहुधा तुंब्यापाशीं, जेथें तिला बांक असतो तेथें. तारा थोड्या असल्या तर प्रत्येकीच्या वांट्याला हें ओझें अधिक येतें. मुळांत त्या ढिल्या असल्या तर खालीं येतांच पूर्ण सैल पडतात, निपल आपोआप फिरूं लागतें आणि चाक डुलूं लागतें.

हें वाचल्यावर मीं कसबा पेठेंतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलों. तुटलेली तार पाहून ते म्हणाले, “मास्तर, चाक तुमच्या वजनाला भ्यालेलं नाहीं. कारखान्यांतूनच ढिलं आलंय.” त्यांनीं चाकावर बोट फिरवून सतारीसारख्या तारा छेडून दाखविल्या. एका बाजूच्या तारांचा सूर एकच हवा होता. येथें प्रत्येकीचा निराळा निघत होता.

त्यांच्याकडून मीं नवीं चाकें बांधवून घेतलीं. दोहींकडे ३६ तारा, प्रत्येक तार तिघींना छेदून गेलेली. तारा दोन्ही टोकांना २ मिलिमीटर जाड आणि मध्यें बारीक अशा घेतल्या. हें उलटें वाटतें, पण मधला बारीक भाग किंचित् लवचीक असल्यामुळें धक्का शेजारच्या तारांनाहि वांटला जातो व बांकावरचा ताण हलका होतो. निपलें पितळेचीं. रिम दुहेरी भिंतीची, थोडी जड. तिच्या वजनाबद्दल पुतण्यानें नाक मुरडलें. टायर पूर्वीच्या २३ मिलिमीटरऐवजीं ३२ मिलिमीटर रुंद. विकत आणलेलीं तयार चाकें घेणारांनीं कारखानदार किती वजनापर्यंतची हमी देतो तें अवश्य वाचावें. कांहीं हमींत सायकल व सामानहि मोजलेलें असतें.

चाक बांधून झाल्यावर मिस्त्रींनीं समांतर तारांच्या जोड्या मुठींत धरून जोरानें आवळल्या. तारांचे बांक आपापल्या जागीं नीट बसावेत आणि वळवितांना राहिलेला पीळ निघावा, हा त्यांतला हेतु. कारखान्यांत घाईनें बांधलेल्या चाकांत नेमकें हेंच पुष्कळदां राहून जातें. नंतर महिनाभरानें त्यांनीं एकदां आऊट काढला, तो जवळजवळ नव्हताच.

जुनीं चाकें मीं पुतण्याला परत केलीं आहेत. तो त्यांवर बिनतक्रार हिंडतो. त्याचें वजन ५८ किलो आहे.