गावकूस आणि कोठार

वाचकहो, पंढरीचे दर्शन झाल्यावर आपल्यातले बरेच जण मंगळवेढ्याला जाऊन येतात. चोखोबांचे आणि दामाजीपंतांचे ते गाव. दोघांच्या कथा कीर्तनात आपण अनेकदा ऐकल्या आहेत. पण त्या दोन्ही कथा गावाच्या कारभाराच्याही आहेत, इकडे आपले लक्ष थोडे कमीच जाते.

चोखोबा मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर होते. ते कूस कोसळले आणि इतर मजुरांबरोबर त्यांचाही देह त्याखाली पडला. हे साल १३३८ चे मानले जाते. ज्या कुसाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, तेच कूस अंगावर आले. नामदेवरायांनी अस्थी पंढरीस आणल्या, आणि आज आपण महाद्वारी पायरीजवळ त्या समाधीपुढे वाकतो. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच मंगळवेढ्यात मोठा दुष्काळ पडला. दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी; सरकारी धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात. त्यांनी ती भुकेल्यांसाठी उघडली, आणि त्या धान्याचे मोल विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बिदरच्या दरबारात भरले, असे परंपरा सांगते.

एकाच गावात गावकूसही आहे आणि कोठारही. संकट आले की प्रत्येक गावापुढे हेच दोन प्रश्न उभे राहतात : अडवायचे कोणाला, आणि द्यायचे कोणाला? साथीच्या रोगात तर हे प्रश्न फार टोकदार होतात, कारण तेव्हा अडवणे खरोखरच गरजेचे असते. आपल्या गावांनी या प्रश्नांना कशी उत्तरे दिली, ते आज थोडे मागे जाऊन पाहू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो खेडोपाडी पोचला. आपल्या पणजोबांच्या पिढीला त्याची खूण ठाऊक होती. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठायचे. माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून राहायची; देवळातला दिवा लावायला तेवढा एखादा जण गावात जायचा. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा केला. त्याच्या जोरावर पुण्यात घराघरांतून झडत्या झाल्या, माणसांना ओढून वेगळे काढले गेले. त्या भीतीने लोक आजारी माणसाला लपवू लागले आणि रोग आणखी पसरला. सत्ता होती, शिपाई होते, पण लोकांचा विश्वास नव्हता.

त्याच वर्षी सावित्रीबाई फुल्यांनी दुसरी वाट दाखवली. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा प्लेगने आजारी होता. त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवले. त्यात त्यांना स्वतःला लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. जूनमध्ये ती मुंबईत दिसली, जरा ओसरली आणि सप्टेंबरात दुप्पट जोराने परतली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९२१ च्या जनगणनेत आधीच्या दहा वर्षांपेक्षा लोकसंख्या कमी भरली. असे पुन्हा कधी झाले नाही. तेव्हा गावात पाटील होता, कुलकर्णी होता. वसुली आणि बंदोबस्त हे त्यांचे काम. पण सगळ्या गावाने निवडलेली, आरोग्याची जबाबदारी घेणारी पंचायत नव्हती. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा १९२० मध्ये झाला. आज आपल्या गावाचा कारभार ज्या कायद्याने चालतो, तो १९५८ चा.

म्हणजे मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा आपल्या खेड्यांत पहिल्यांदाच स्वतःची पंचायत उभी होती. पण नेमक्या त्याच वर्षी १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. निवडणुका पुढे गेल्या, जागोजागी प्रशासक बसले, ग्रामसभा थांबल्या. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२१ ला. साथीच्या ऐन भरात राज्यातल्या निम्म्या गावांचा कारभार असा अधांतरी होता. तरीही गावे चालली. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई, पाणी सोडणारा, गटारी काढणारा, ज्याच्या वाट्याला जे काम होते ते त्याने धरून ठेवले.

पहिल्या दिवसांत मात्र गावाला गावकूसच आठवले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. पुण्या-मुंबईत पोटासाठी गेलेली आपलीच लेकरे डोक्यावर गाठोडे घेऊन चालत निघाली. कित्येक ठिकाणी रस्त्यावर बाभळीच्या काट्या पडल्या, कुठे झाड आडवे घातले, कुठे पाटी लागली. भीती खोटी नव्हती. गावात म्हातारी माणसे होती, दवाखाना लांब होता. पण वेशीवर थांबवलेल्या माणसाचे पुढे काय, या प्रश्नापाशी गावागावांतला फरक दिसला. काही गावांनी फक्त काट्या टाकल्या. काही गावांनी काट्यांच्या पलीकडे जिल्हा परिषदेची शाळा उघडली, वर्ग झाडून घेतले, पाण्याची टाकी भरली, आलेल्यांची वहीत नोंद केली आणि चौदा दिवस त्यांच्या डब्याची पाळी लावली. दोन्ही गावांनी अडवलेच. पण दुसऱ्या गावाने अडवताना कोठारही उघडले.

दुसरी लाट २०२१ च्या उन्हाळ्यात आली आणि ती खेड्यात फार खोल शिरली. तेव्हा नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने जे केले, ते साधे होते. स्वयंसेवकांची पथके घरोघरी जात. लक्षण दिसले की लगेच चाचणी, आणि बाधित माणूस घराबाहेर वेगळा. आता शेतकरी वेगळा राहायला का तयार होत नाही? गोठ्यातल्या गाईची धार कोण काढणार, पिकाला पाणी कोण देणार, याची चिंता त्याला असते. म्हणून त्याच्या गुरांचे, दुधाचे, शेताचे काम गावाने पाहिले. त्या मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले. पुण्याच्या प्लेगमध्ये जे शिपायांना जमले नाही, ते इथे शेजाऱ्यांना जमले. मे अखेरीस मुख्यमंत्र्यांनी हिवरे बाजारबरोबर आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या दोन गावांची नावे घेतली : मोहोळ तालुक्यातले घाटणे आणि दक्षिण सोलापुरातले अंत्रोळी. घाटण्याचे सरपंच ऋतुराज देशमुख आणि अंत्रोळीच्या कोमल करपे, दोघेही तरुण. लगेच जूनमध्ये ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक महसूल विभागात पहिले बक्षीस ५० लाखांचे.

आणि याच जूनमध्ये राज्यातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या, हेही विसरू नये. उन्हातान्हात उंबरे झिजवणाऱ्या बाईच्या हाती महिन्याला काय पडते, हे गावाने तोवर विचारलेच नव्हते. सेवेचे कौतुक करणे सोपे असते. सेवा करणाऱ्याच्या पोटाची काळजी घेणे हेही कोठाराचेच काम आहे.

माउली, या काळात आपण वारकरी कुठे होतो? आपली वारी थांबली होती. १७ मार्च २०२० ला पंढरीचे मंदिर दर्शनाला बंद झाले. जूनमध्ये देहू-आळंदीहून प्रस्थान झाले, पण पादुका तिथेच राहिल्या आणि ३० जूनला एसटीने वाखरीला आल्या. १ जुलैच्या एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते. महापूजेचा मान त्या वर्षी दर्शनरांगेतल्या वारकऱ्याला कुठून मिळणार? तो मंदिरातच वीणा घेऊन उभ्या राहणाऱ्या विणेकऱ्याला आणि त्यांच्या पत्नीला मिळाला. पुढच्या वर्षीही पालख्या बसनेच आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम मोडताना आपल्याला काय वाटले, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण घरी राहणे हीसुद्धा त्या वर्षीची सेवा होती. पूर्वीच्या वारकऱ्यांनाही याची सवय होती. पटकीच्या दिवसांत वारीला येणाऱ्यांना लस टोचून घ्यावी लागे, आणि ते दंड पुढे करून मगच वाट धरत.

आपण गावाला देऊ शकू असे आणखी एक आपल्यापाशी आहे. माउलींच्या सोहळ्यात तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि लाखाचा समाज गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा करतात, आणि त्यानंतर आरती होते. एका दिंडीचे टाळ वाजत असताना आरती पुढे जात नाही. ग्रामसभा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

साथ गेल्यावर असे टाळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ऐकले. शिरोळ तालुक्यातले हे गाव. कोरोनाने कितीतरी तरुण बायकांचे नवरे नेले होते. नवऱ्याच्या चितेशेजारी तिचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची, आणि मग तिला शुभकार्यातून दूर ठेवायचे. हेही एक गावकूसच. ते घराच्या आत बांधलेले असते, एवढेच. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले.

ठराव कागदावर होतो. तो पाळायचा असतो दारात, लग्नमांडवात, हळदीकुंकवाला. इथे आपली कसोटी आहे. वारीच्या वाटेवर समोर आलेल्या प्रत्येक बाईला आपण ‘माउली’ म्हणतो आणि तिच्या पायाला हात लावतो. तिच्या कपाळाकडे पाहून ठरवत नाही. मग गावी परतल्यावर तीच माउली ओवाळायला पुढे आली की हात का थांबतो? वाटेवरचा नियम वेशीच्या आत का येऊ नये?

गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. बहुतेक वेळा तिथे पंधरा-वीस माणसे असतात आणि काकडआरतीला उठणारे आपण घरी असतो. पुढच्या सभेला माळकऱ्यांनी जावे, ही विनंती. तिथे विचारावे, की साथीत ज्या घरातला कर्ता गेला त्या घरांची यादी पंचायतीत आहे का? त्यातल्या मुलांची शाळा चालू आहे का? जमिनीवर, घरावर त्या बाईचे नाव लागले का? आशाताईचे मानधन वेळेवर मिळते का? गावाबाहेरच्या वस्तीला पाणी रोज पोचते का? हे विचारताना कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही भजन करा, राजकारणात कशाला पडता! त्याला चोखोबांची आणि दामाजीपंतांची गोष्ट सांगावी. मंगळवेढा सगळ्यांनाच माहीत असतो.

पुढची साथ कधी येईल, कोणत्या रूपाने येईल, ते पांडुरंगाला ठाऊक. ती येईल तेव्हा काट्या टाकायला वेळ लागणार नाही. कोठार भरायला मात्र आधीची वर्षे लागतात. माणसांची ओळख, नोंदवही, शेजाऱ्याचा भरवसा, सगळे आधीच साठवावे लागते. त्यासाठीच ही आठवण.

रामकृष्ण हरी.