आपली "पारंपरिक" दिवाळी नक्की किती जुनी?

परवा ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला. आपली दिवाळी पाच हजार वर्षांची, ताटातला प्रत्येक पदार्थ आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक ठरवलेला, चिवड्यापासून चकलीपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध वगैरे वगैरे. खाली चाळीस जणांनी हात जोडले होते. मी जोडले नाहीत, पण वादही घातला नाही (अप्रेझल जवळ आलंय). म्हटलं शनिवार-रविवार मोकळा आहे, तेव्हा ताट समोर घेऊन बसावं आणि एकेक पदार्थ सुटा करून बघावा.

चिवड्यापासूनच सुरुवात करू. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा आपल्याकडे मिरची नव्हती. तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, दक्षिण अमेरिकेकडून. काजूही तसाच, ब्राझीलहून गोव्यात. शेंगदाणा मूळचा तिकडचाच. म्हणजे चिवड्यातून अमेरिका वजा केली तर मागे उरतात पोहे, डाळं, खोबरं आणि कढीपत्ता. खाऊन बघा कसा लागतो ते.

शंकरपाळीचं तर नावच फसवं आहे. त्यात शंकर नाही, पाळीही नाही. मूळ शब्द शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा, आणि तो फारसी. मैदा, खसखस हे शब्दही त्याच वाटेने आलेत. अनारशाच्या पोटाला लावलेली खसखस बघून मला आता उगाच इराण आठवतो. बाकी अनारसा मात्र अस्सल इथला वाटतो. तांदूळ, गूळ, तूप. तीन दिवस रोज पाणी बदलून तांदूळ भिजवायचे, सावलीत सुकवून कुटायचे, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर तो हसला की गेलं सगळं. (अनारसा हसतो तेव्हा करणारी रडते, असं आमच्याकडे म्हणतात.)

आता खरंच जुनं काय सापडतं? बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याची राजधानी कल्याणी. आपलं कल्याण जंक्शन नव्हे, बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात राजाने काय काय भोगावं याची लांबलचक यादी आहे आणि त्यात मांडे, पोळ्या, वडे असे ओळखीचे पदार्थ भेटतात. चित्रांच्या प्रकारांत 'धूलिचित्र'ही आहे, म्हणजे पुडीने काढलेलं चित्र. रांगोळीला निदान नऊशे वर्षांचा दाखला मिळाला म्हणायचा. पण हे राजाचं ताट. सामान्य माणसाच्या घरात काय शिजत होतं, हा प्रश्न वेगळा.

आणि इथेच मला मजा वाटायला लागली. फराळाचे बहुतेक पदार्थ बघा, तळलेले किंवा साखरेचे. दोन्ही गोष्टी गरिबाघरी मुबलक कधी असणार? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण रेल्वेने माणसांबरोबर साखर, मैदा, रॉकेलचे डबेही आणले हे कुणी घोकून घेत नाही. मग पिठाच्या गिरण्या आल्या, जातं सुटलं. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. ताडाच्या झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा आमच्या आजीकडे शेवटपर्यंत होता, त्यात तुळस लावलेली. साजूक तुपात करंज्या तळणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांनाही आता परात भरून करंज्या करता यायला लागल्या. साखर मात्र पुढे कितीतरी वर्षं रेशनवर, आणि सणाला थोडी जादा मिळाली की केवढं अप्रूप!

दुसरी गोष्ट म्हणजे छापील पुस्तकं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 चं. त्याच्या आदल्याच वर्षी, 1909 मध्ये, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचायला काहीतरी हवं ही सवय मराठी माणसाला कायमची लावली. आणि मग 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. तिचं मोठेपण मला पाककृतींपेक्षा मापांत वाटतं. शेर, पावशेर, अंदाजाने, चवीपुरतं हे सगळं बाजूला ठेवून वाटी आणि चमचा. माझ्या भाषेत सांगायचं तर तोपर्यंत सगळा कोड सीनियर लोकांच्या डोक्यात होता, ओगल्यांनी पहिल्यांदा नीट डॉक्युमेंटेशन लिहिलं. सासूला न विचारता सुनेला चकली करता येऊ लागली हे लहान काम नाही.

तेव्हा माझा हिशोब असा, की चकली-चिवडा-लाडू-करंजी-शंकरपाळी असं भरगच्च ताट सर्वसामान्य मराठी घरात रुळलं ते फार तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. एकेक पदार्थ जुना असेल, पण "हे सगळं प्रत्येक घरी झालंच पाहिजे" हा नियम काही पुराणातला नाही.

हे सगळं मी उत्साहाने आईला ऐकवलं. त्याला कारण होतं. यंदा तिचा उजवा अंगठा दुखतोय आणि डॉक्टरांनी सोऱ्या फिरवायला मनाई केलीय. बायको ऐरोलीहून रात्री आठला घरी येते. विकत आणू म्हटलं तर आईचा चेहरा उतरतो, नको म्हटलं तर बायकोचा. मला वाटलं इतिहास सांगितला की प्रश्न सुटेल.

आईने डालडा, रेल्वे, सोमेश्वर सगळं ऐकून घेतलं आणि मग ती आमच्या जुन्या चाळीबद्दल बोलायला लागली. आम्ही खोपटचे. खोपट म्हणजे खरं तर झोपडी. बाहेरच्यांना ते फक्त एसटी स्टँडमुळे माहीत असतं, आम्हाला सिद्धेश्वर तलावामुळे. एमआयडीसी 1962 ची, आणि तिची पहिली वसाहत आमच्याजवळची वागळे इस्टेट. तिथल्या कारखान्यांत नोकरीला कोकणातून, घाटावरून, खानदेशातून माणसं आली आणि खोपट-पाचपाखाडीच्या चाळींतून राहिली. आई लग्न होऊन आली ती अशाच एका खोलीत, सत्तरच्या दशकात.

आई म्हणाली, अख्ख्या चाळीत सोऱ्या दोन. बायकांनी दिवस वाटून घेतलेले. आज पहिल्या खोलीचा फराळ, उद्या दुसरीचा. ज्या खोलीचा दिवस तिथे दुपारची जेवणं आटपून सगळ्या जमायच्या, स्टोव्ह दुसरीकडून यायचा, झारा तिसरीकडून. कोकणातल्या मावशींनी भाजणीत काय घालायचं ते सांगायचं, खानदेशातल्या वहिनींनी शेव तिखट करायची. मुलांना तुटक्या चकल्या मिळायच्या.

मी विचारलं, "म्हणजे तू एकटीने फराळ कधी केलास?"

"एकटीने कोण करतं?" आई म्हणाली.

मग जरा थांबून म्हणाली, फ्लॅटमध्ये आल्यावर केला. पंचवीस वर्षं.

मंडळी, मी एवढे सनावळीचे दाखले गोळा केले, पण मुद्दा हा होता आणि तो कुठल्याच पुस्तकात मला दिसला नव्हता. ताट तेवढंच राहिलं, हात मात्र दहाचे दोन झाले. चाळी पडून इमारती झाल्या, दारं बंद झाली, आणि पाच-सहा बायकांनी मिळून करायचं काम एकेकीच्या गळ्यात पडलं. वर तेच "परंपरा" म्हणून पुढच्या सुनेला द्यायचं. नोकरी करणारी बायको यावर चिडत असेल तर तिचं चुकतंय असं मला तरी वाटत नाही. आणि पुरुषांनी या सगळ्या काळात काय केलं? कंदील लावला. स्टुलावर चढून.

असो. कंदिलाचा विषय निघालाच आहे तर तोही बघू, कारण तो माझ्या खात्यातला.

कार्तिकात उंच खांबावर आकाशदीप लावण्याची चाल जुनी. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' 1790 चा, त्यात तो येतो. पण तो खांबावरचा तेलाचा दिवा, आपला रंगीत कागदी कंदील नव्हे. कंदील हा शब्दही अरबी 'किंदील'वरून आलेला, आणि ते गेलं लॅटिनच्या 'कँडेला'कडे. म्हणजे इंग्रजीतली कँडल आणि आपला कंदील चुलत भावंडं! घराघरांत वीज आली आणि दिव्यावर लक्ष ठेवायची गरज संपली, तेव्हा कुठे हा कागदाचा कंदील गॅलरीत रात्रभर बिनधास्त लटकायला लागला.

रांगोळीची पूड शिरगोळ्याची, तर कोकणात भाताच्या तुसाचीही. संस्कार भारतीची स्थापना 1981 ची, त्यामुळे सगळे तिच्या नावाने ओळखतात ती मोठ्ठी गोल रांगोळीही माझ्याच पिढीची. गणपतीचं थर्मोकोलचं मखर आम्ही इतकी वर्षं केलं की तीच परंपरा वाटायला लागली होती. 2018 च्या बंदीनंतर दोन वर्षांत पुठ्ठा आणि साड्या आल्या, कुणाचं काही अडलं नाही. नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने फोडायचं कारीट मात्र अजून रानातूनच येतं, आणि जांभळी नाक्याला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून ते आणायचं काम आमच्याकडे मुलीचं आहे. कडू असतं हे माहीत असून ती दर वर्षी जिभेला लावून बघते.

तर कंदील. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्यात, चांदणीचा सांगाडा बांधून झालाय. पतंगाचा कागद लाल आणि पिवळा. डिंक वापरायचा नाही, गव्हाच्या पिठाची खळ करायची, थोडा मोरचूद घालून, म्हणजे झुरळं लागत नाहीत. लहानपणी चाळीस वॅटचा बल्ब असायचा, तो तापून कागद पिवळा पडायचा, म्हणून वर भोक ठेवावं लागे. आता एलईडी तापत नाही, भोकाची गरज नाही. तरी मी ठेवलंय. मुलीने कारण विचारलं, तिला बल्बची गोष्ट सांगितली, तर म्हणाली मग शेपट्या जास्त लाव. बारा लावल्यात.