तंजावरची मुद्दुपळणी आणि बंगळूरची नागरत्नम्मा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर या वसाहतीत २००४ साली ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह सुरू झाले. मुंबईच्या मराठी आणि गुजराती रंगभूमीवर वाढलेल्या अरुंधती नाग यांनी आपले पती, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात भूमिका केलेले शंकर नाग, यांच्या स्मरणार्थ ते उभारले. येथे अनेक भाषांतील नाटके होतात. एखादी लेखिका स्वतःच्या नावाने प्रेमाविषयी आणि देहाविषयी लिहिते, ते रंगमंचावर बोलले जाते, आणि प्रेक्षकांना त्यात नवल वाटत नाही. हे नवल न वाटणे मात्र फार जुने नाही. स्त्रीने शृंगार लिहावा, तो छापून यावा आणि पुस्तकाच्या आरंभी तिचे नाव व कूळ राहावे, या तीन गोष्टी एकत्र येण्यासाठी दक्षिणेत मोठा झगडा झाला. त्या झगड्याचे एक टोक मराठ्यांच्या तंजावरात आहे, आणि दुसरे टोक एका गायिकेच्या नावाला कायमचे जोडल्या गेलेल्या बंगळूर या गावात.

या दोन गावांचे नाते मराठी वाचकाला अपरिचित नसावे. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या ताब्यात आले. तेथील त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त उमटले आहे, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्या संपादनामुळे तो ग्रंथ मराठी अभ्यासकांच्या हाती आला. शहाजींचा गुणगौरव करणाऱ्या या ग्रंथाच्या शीर्षकातच राधामाधवांचा विलास आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजस्तुती आणि शृंगार एकाच पोथीत नांदण्यात त्या काळच्या पंडितांना विसंगती दिसत नव्हती. पुढे शहाजींचे पुत्र व्यंकोजी बंगळूरहून तंजावरात गेले आणि १६७५–७६ च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापन झाले. १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तंजावर मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत भोसल्यांकडे राहिले.

या घराण्याने तमिळ प्रदेशात राज्य केले, घरात मराठी जपली आणि दरबारात तेलुगू व संस्कृत यांना मान दिला. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या शाहराजाने तेलुगू व मराठी या दोन्ही भाषांत नाटके रचली. १७३९ ते १७६३ पर्यंत गादीवर असलेल्या प्रतापसिंहाच्या नावावरही मराठी नाटके आहेत. याच प्रतापसिंहाच्या दरबारात मुद्दुपळणी ही तेलुगू कवयित्री होऊन गेली. ती गणिका होती. तिची आजी तंजनायकी हीदेखील दरबारातील नामवंत कलावंतीण होती. मुद्दुपळणीने आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे तेलुगू रूपांतर केले. पण तिची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी आहे तो म्हणजे ‘राधिकासांत्वनमु’, अर्थात राधिकेची समजूत घालणे, हा शृंगारप्रबंध.

काव्याचे कथानक थोडक्यात सांगता येते, पण त्याची दिशा नेहमीची नाही. इळा या मुलीला राधा लहानाची मोठी करते आणि ती वयात आल्यावर तिचा कृष्णाशी विवाह लावून देते. पहिल्या रात्रीसाठी ती नववधूला धीर देते, आणि कृष्णालाही या कोवळ्या मुलीशी हळुवारपणे वागायला सांगते. दोघांना एकांतात पाठवल्यावर मात्र तिला आपलेच दुःख आवरत नाही. कृष्ण नव्या सुखात रमतो, राधा रागावते, आणि अखेर कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. प्रियेच्या पायाशी नमणारा कृष्ण भारतीय काव्याला नवा नाही. जयदेवाच्या राधेपुढे तो नमला आहे, आणि कृष्णदेवरायाच्या दरबारातील नंदी तिम्मनाच्या ‘पारिजातापहरणमु’मध्ये सत्यभामेची लाथही त्याने सोसली आहे. मुद्दुपळणीचे वेगळेपण असे, की तिच्या काव्यात इच्छा राधेची आहे आणि पुढाकारही राधेचा आहे. वयाने मोठ्या, अनुभवी स्त्रीची कामना येथे हास्यास्पद ठरत नाही, पापही ठरत नाही. सुख देणे जसे तिला ठाऊक आहे, तसे सुख मागणेही तिला ठाऊक आहे, आणि मागताना ती संकोचत नाही.

स्त्रीच्या तोंडी शृंगार घालण्याची प्रथा तेलुगूत आणि मराठीत दोन्हीकडे होती. क्षेत्रय्याच्या पदांत बोलते ती नायिका, पण लिहितो तो पुरुष. पेशवाईतील लावणीतही तेच दिसते. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या लावण्यांतील स्त्री रुसते, बोलावते, विरहाने तळमळते, आणि तो आवाज इतका अस्सल वाटतो की लेखणी पुरुषाची आहे हे विसरायला होते. सादर करणारी कलावंतीण स्त्रीच असली, तरी नाममुद्रा शाहिराची असे. मुद्दुपळणीने बोलणारी आणि लिहिणारी यांतील हे अंतर मिटवले. एवढ्यावर ती थांबली नाही. ग्रंथाच्या आरंभी कवीने आपले कूळ, गुरू आणि आश्रयदाता यांचा परिचय करून द्यावा हा तेलुगू प्रबंधाचा संकेत. मुद्दुपळणीने तो पुरेपूर पाळला. आजी, गुरू आणि स्वतःची विद्वत्ता यांचा अभिमानपूर्वक उल्लेख तिने केला, आणि आपल्या जातीच्या दुसऱ्या कोणत्या स्त्रीने पंडितांना दाने दिली, दुसऱ्या कोणत्या स्त्रीला काव्ये अर्पण झाली, असा सवालही केला. गणिका ही आश्रिताऐवजी आश्रयदात्रीही होऊ शकते, असे सांगणारा हा आत्मपरिचय आहे.

या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना त्याची मर्यादा विसरून चालणार नाही. दरबारातील गणिकेला जे लिहिता येत होते ते घरंदाज स्त्रीला लिहिता येत नव्हते. किंबहुना एकीचे मौन आणि दुसरीचे बोलणे ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. गणिकेची विद्या राजाच्या कृपेवर उभी होती, आणि ही कृपा संपली की तिचे काय होई हे पुढच्या शतकाने दाखवून दिले. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. जो दरबार आणि जी पंडितसभा हे काव्य ऐकत होती, तिने ते काव्य म्हणूनच ऐकले. कवयित्रीच्या जन्मावरून त्याची किंमत ठरवली नाही.

ती किंमत ठरवली गेली छापखान्याच्या काळात. १८८७ मध्ये ‘राधिकासांत्वनमु’ प्रथम छापले गेले. ते छापणारे व्यंकटनरसू हे तेलुगूचे थोर अभ्यासक चार्ल्स फिलिप ब्राउन यांच्या परिवारातील. त्यांनी काव्य छापले, परंतु आरंभीचा आत्मपरिचय आणि काही पद्ये गाळून. शृंगाराची काही पद्ये गाळली जावीत हे त्या काळाला धरून होते, पण कवयित्रीचे कूळही त्याच कात्रीत का सापडावे, हा प्रश्न अधिक बोलका आहे. याच सुमारास तेलुगू समाजसुधारणेचे अध्वर्यू कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी आपल्या आंध्र कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळणीची दखल घेतली. १८८१ मध्ये विधवाविवाह घडवून आणणारा हा धाडसी माणूस या कवयित्रीपुढे मात्र गोंधळला. तिचे पांडित्य त्यांनी मान्य केले, पण तिला व्यभिचारिणी ठरवले, आणि स्त्रीने ऐकू नये, मग उच्चारणे तर दूरच, अशी स्थळे तिच्या काव्यात आहेत असा निर्वाळा दिला.

हा निर्वाळा ज्या स्त्रीच्या वाचनात आला ती बंगळूर नागरत्नम्मा. १८७८ मध्ये नंजनगूड येथे एका देवदासीच्या पोटी तिचा जन्म झाला. लहानपणी संस्कृताचे शिक्षण, पुढे संगीत आणि नृत्य, मग म्हैसूर आणि बंगळूर येथे गायिका म्हणून लौकिक, आणि नंतर मद्रासला स्थलांतर असा तिचा प्रवास झाला. मद्रासला गेल्यावरही बंगळूर हे गाव तिच्या नावापासून सुटले नाही. छापील प्रत सदोष असल्याचे लक्षात आल्यावर तिने हस्तलिखित मिळवले, पाठ ताडून पाहिले, गाळलेली पद्ये आणि आत्मपरिचय पुन्हा जागच्या जागी घातला, आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ल रामस्वामी शास्त्रुलु यांच्या संस्थेकडून ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काव्य स्त्रीने लिहिलेले आहे, आणि तेही आपल्याच समाजात जन्मलेल्या स्त्रीने, हे आपल्या संपादनामागचे कारण तिने प्रस्तावनेत लपवले नाही.

या प्रस्तावनेतच तिने वीरेशलिंगम् यांना उत्तर दिले. लज्जा ही काय केवळ स्त्रियांनाच स्वाभाविक आहे, असा तिचा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अडचणीचा. वेश्या म्हणून मुद्दुपळणीला दोष देणाऱ्या या पंडितांनी स्वतः ज्या ‘वैजयंतीविलासमु’चे संपादन केले आहे, त्यात याहून उघडा शृंगार नाही काय? तो चालतो आणि हा चालत नाही, ते कशामुळे? प्रश्न साहित्यशास्त्राचा होता आणि तो एका गायिकेने विचारला होता. वर्णनाची उघडझाप सारखीच असेल, तर मग दोष वर्णनात उरत नाही. तो लिहिणाऱ्या हातात शोधला जातो, हे तिने नेमके ओळखले होते.

वादाचा शेवट मात्र वादसभेत झाला नाही. एका तेलुगू नियतकालिकात संपादिकेच्या जन्मावर बोट ठेवून टीका झाली, सरकारी भाषांतरकाराने ग्रंथ अश्लील ठरवला, आणि १९११ मध्ये मद्रासच्या पोलिसांनी वाविळ्लांकडील प्रती जप्त केल्या. प्रकाशकांनी आणि पंडितांनी केलेल्या विनवण्यांचा उपयोग झाला नाही. बंदी इंग्रज सरकारची होती हे खरे, पण त्या सरकारच्या हाती शब्द दिले ते एतद्देशीय सुशिक्षितांनी. अश्लीलतेची जी कसोटी इंग्लंडमध्ये १८६८ च्या हिक्लिन खटल्यात ठरली, तिच्याशी आपल्या सुधारकांच्या सोवळेपणाची येथे गाठ पडली.

मराठीतील पुढचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहावा. प्रीतिकथेचे तंत्र घडवणारे ना. सी. फडके १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ लिहून शिकलेल्या स्त्रीची प्रेमाची भूक शब्दांत मांडणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढे मालती बेडेकर, यांना ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे उभे राहावे लागले. त्या लेखनात उत्तान असे काही नव्हते. तरीही ही बाई कोण, हीच चर्चा पुस्तकापेक्षा अधिक रंगली. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कथा उच्च दर्जाची नसेल, अभिरुचीला धरूनही नसेल, पण एवढ्यावरून ती अश्लील होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. लेखक पुरुष असताना न्यायालयात प्रश्न आला तो ‘काय लिहिले’ एवढाच. मुद्दुपळणीच्या आणि विभावरींच्या बाबतीत ‘कोणी लिहिले’ हा प्रश्न आधी आला. मराठी राजाच्या दरबारात एका गणिकेने स्वतःच्या कुळासकट जे नाव ग्रंथाच्या आरंभी लिहिले, ते विसाव्या शतकातील सुशिक्षित मराठी लेखिकेला झाकावे लागले, ही तुलना आपल्या प्रगतीच्या कल्पनेला अडचणीत टाकणारी आहे.

ग्रंथावरील बंदीनंतर नागरत्नम्मा गप्प बसली नाही. तंजावरजवळ तिरुवैयारू येथे संत त्यागराजांची दुर्लक्षित समाधी तिने स्वतःची मिळकत खर्चून बांधून काढली. तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, तेव्हा तिने स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली, आणि पुढे सर्वांची आराधना एकत्र झाली. देवदासी प्रथा कायद्याने बंद करण्याची मागणी पुढे आली तेव्हा, या कायद्याने कलावंत स्त्रियांची विद्या व मिळकतही जाईल, अशी बाजू तिने मांडली. ती भूमिका कालौघात मागे पडली, आणि प्रथेतील शोषण पाहता ते अटळही होते. पण तिची चिंता निराधार नव्हती. ज्यांच्याकडे ग्रंथ जपण्याची परंपरा होती त्या स्त्रियांनाच लज्जित केले गेले, तर ग्रंथ कोण जपणार, हे तिने अनुभवाने जाणले होते.

टंगुटूरी प्रकाशम् यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये बंदी उठली, आणि १९५२ मध्ये वाविळ्लांनी ‘राधिकासांत्वनमु’ पुन्हा प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात नागरत्नम्मा निवर्तली. तिची समाधी तिरुवैयारूला, त्यागराजांच्या समाधीसमोर आहे. मुद्दुपळणीच्या काव्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये निघाला आणि तिचे नाव भारतभर पोचले. तंजावरचा मराठी इतिहास लिहिताना राजे, किल्ले आणि सरस्वती महाल यांची नोंद नेहमी होते. त्या यादीत ही कवयित्रीही असली पाहिजे, आणि तिच्या शेजारी, आपले म्हणून तिचे नाव पुन्हा छापणारी बंगळूरची ती गायिका.