नववी

नववीच्या वर्गाला दुसरे महायुद्ध शिकवताना मी तारखा पाठ करून घेत असे. पर्ल हार्बर, स्टालिनग्राड, हिरोशिमा... मुले घडाघडा म्हणत. २१ ऑक्टोबर १९४३ ही तारीख मात्र त्या यादीत कधीच नव्हती. खरे सांगायचे तर मलाही ती ठाऊक नव्हती. निवृत्तीनंतर भाच्याने बेथोवनच्या नवव्या सिंफनीची सीडी आणून दिली. तिच्या नादाने वाचत गेलो, तेव्हा ती सापडली.

ही बेथोवनची शेवटची पूर्ण झालेली सिंफनी, १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. जपानात ती आधी वाजवली जर्मन युद्धकैद्यांनी, १ जून १९१८ रोजी, बांदोच्या छावणीत. तिथे बायका कुठून आणणार? त्यांचे सूरही पुरुषांनीच गायले! पण जपानी मंडळींनी ती संपूर्ण सादर केली नोव्हेंबर १९२४ मध्ये, तोक्योच्या उएनो भागातल्या सरकारी संगीतशाळेत. वाजवणारे कोण, तर तिथले शिक्षक आणि विद्यार्थी. संचालक गुस्ताफ क्रोन नावाचे जर्मन शिक्षक. भूकंपाने तोक्यो बेचिराख झाले त्याला सव्वा वर्षच लोटले होते. तासाभराहून मोठी रचना, शेवटी समूहगान. शाळेचे स्नेहसंमेलन बसवताना आमची काय तारांबळ उडे ते आठवले, की या मंडळींपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता त्या तारखेकडे येतो. १९४३ मध्ये सैन्य कमी पडू लागले, तेव्हा विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून मिळणारी सूट सरकारने काढून घेतली. विज्ञान-तंत्रज्ञानाची मुले बहुतांशी वाचली. साहित्य, कायदा, कला शिकणारी निघाली. (आमच्याकडेही कला शाखेकडे कोण बघतो म्हणा!) २१ ऑक्टोबरला तोक्योच्या मैदानात भर पावसात, शाळेच्या गणवेशात, खांद्यावर बंदुका घेऊन हजारो मुलांनी संचलन केले. पंतप्रधान तोजोंचे भाषण झाले.

त्यांत उएनोचे संगीत विद्यार्थीही होते. त्याच वर्षी अमेरिकी-इंग्रजी संगीतावर बंदी आली होती. जर्मनी दोस्त, म्हणून बेथोवन चालत होता. वर्षअखेरीस, जाणाऱ्या मुलांना निरोप म्हणून शाळेत नवव्या सिंफनीचा शेवटचा भाग वाजवला गेला, अशी हकीकत जपानात सांगतात. तिथे दर डिसेंबरला गावोगावी 'दाइकु', म्हणजे 'क्रमांक नऊ', वाजते, त्या प्रथेचे मूळ काहीजण या निरोपात शोधतात. दुसरे म्हणतात, कसले काय! युद्धानंतर वादकांना वर्षअखेरीचे चार पैसे मिळावेत म्हणून ही युक्ती निघाली. गायक भरपूर, म्हणजे तिकिटे घेणारे नातेवाईकही भरपूर. इतिहासाचा शिक्षक म्हणून माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. पोट कोणाला चुकले आहे?

असो. मुले गेली हे तर खरेच. कित्येक परतली नाहीत, त्यांत स्वतः रचना करणारेही होते. १९४९ मध्ये ती शाळा कला विद्यापीठात विलीन झाली.

मला राहून राहून आठवण येते ती तिथल्या मास्तरांची. एकेका मुलाची बोटे तारांवर बसवायला वर्षे लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी हजेरी कशी घेतली असेल?