घर पाहताना

घर घ्यावयास निघालेला कामगार आधी रंग पाहतो. आम्ही त्यास भिंतीची ओल आणि जागेचा इतिहास पाहावयास सांगतो. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव. कपिलतीर्थ बुजले, तेथे मंडई आली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरत नाही. नदीचेही तसेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर चढले, २०२१ साली ५६ फुटांवर. त्या रेघा दुधाळीत, शुक्रवार पेठेत भिंतींवर उमटल्या. विकणारा त्यांवर चुना फासतो. म्हणून दस्तापूर्वी शेजारच्या आजींस विचारावे, "पाणी कुठवर आलं होतं?" सिटी सर्व्हेचा उतारा मालकाचे नाव सांगतो, पाण्याची वहिवाट शेजारीच सांगतात. जन्मभराचा फंड रंगाच्या एका हातावर उधळू नये.