जुने म्हणजे किती जुने?

दोन वर्षांपूर्वी आमच्या नाट्यसंस्थेने बिऱ्हाड बदलले. 'नाट्यसंस्था' हा शब्द जरा भारदस्त झाला. प्रत्यक्षात आम्ही पंधरावीस हौशी माणसे. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शाळेत शिकवणारे, दोघेतिघे संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणारे. वर्षातून एक जुने संगीत नाटक बसवायचे आणि झालेला तोटा आपसांत वाटून घ्यायचा, हा आमचा नेम. त्यात माझे काम पुस्तक धरण्याचे. विंगेत बसून विसरलेल्या नटाला वाक्य पुरवायचे. चाळीस वर्षे मी हेच करीत आलो आहे. प्रेक्षकांनी मला कधी पाहिले नाही, आणि मीही नाटक समोरून असे फारसे पाहिलेले नाही.

पूर्वी आम्ही एका मोठ्या नाटकगृहात प्रयोग करीत असू. खुर्च्या हजाराच्या घरात. शेवटच्या प्रयोगाला माणसे आली एकशेऐंशी, आणि तीही साऱ्या सभागृहात विखरून बसलेली. टाळी पडली की ती लांब कोठेतरी पडल्यासारखी ऐकू येई. भाडे दरसाल वाढत होते आणि शनिवार-रविवारची तारीख मिळणे मुष्किलीचे झाले होते. अखेर आमच्यातल्या एकाने एका बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला शोधून काढला. खांब नाहीत, वर पत्र्याचे छप्पर, त्याखाली लाकडी तक्तपोशी, आणि दाटीवाटीने बसवले तर एकशेतीस लोक मावतील एवढी जागा. रंगमंच म्हणजे हातभर उंचीचा लाकडी ओटा. पडदा नाही. रंगपट म्हणाल तर जिन्याखालची खोली.

या जागेत पहिले नाटक 'सौभद्र' करायचे असे ठरले आणि त्याच दिवशी भांडणाला तोंड फुटले.

भांडण वेळेवरून. हल्लीचा प्रेक्षक अडीच तासांपलीकडे बसत नाही, त्याला शेवटची बस किंवा मेट्रो गाठायची असते, हे तरुण मंडळींचे म्हणणे. आमचे ऑर्गनवाले नाना वयाने ब्याऐंशीचे. ते म्हणाले, "पदे कापायची, ताना कापायच्या, मग उरले काय? जुने नाटक करता आहात ना? मग जुन्यासारखे करा."

आमची सुभद्रा सव्वीस वर्षांची. तिने अगदी नम्रपणे विचारले, "पण नाना, जुन्यासारखे म्हणजे नेमके कधीच्यासारखे?"

नाना गप्प बसले. मीही बसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. मग कपाटातली नाट्येतिहासाची जुनी पुस्तके खाली काढली. त्यांतून जे हाती लागले ते या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

दिवाळीचे निमित्त तसे योग्यच आहे, कारण आपल्या रंगभूमीच्या मोठ्या तारखा दिवाळीच्या आगेमागेच येतात. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते 5 नोव्हेंबर 1843 रोजी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात झाले ते 31 ऑक्टोबर 1880 रोजी. आणि 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले 18 नोव्हेंबर 1882 रोजी. भाव्यांनी नाटक केले त्याच 1843 साली अण्णासाहेबांचा जन्म झाला होता, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी.

भाव्यांच्या नाटकात गाणे असे, पण ते गायचा सूत्रधार. पात्रे त्यावर हावभाव करीत आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलत. अण्णासाहेबांनी केलेला बदल आज साधा वाटतो, पण त्या काळी तो मोठा होता. गाणे त्यांनी सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिले. ज्याचे दुःख त्यानेच ते गायचे, ज्याला हसू आले त्यानेच ते गाऊन दाखवायचे.

मग ही पदे होती कशी? 'शाकुंतला'त ती दीडशेहून अधिक आहेत आणि 'सौभद्रा'तही शंभरावर. माझ्या मनात आले, एवढी पदे एका रात्रीत बसणार कशी? उत्तर पुस्तकातच होते. त्यांतली बरीचशी दोनचार ओळींची आहेत. साकी, दिंडी, ओवी, कामदा अशा वृत्तांतली, कीर्तनात आणि घरातल्या बायकांच्या तोंडी ज्या चाली होत्या त्यांच्यावर बेतलेली. पात्र बोलता बोलता गाण्यात शिरते आणि गाता गाता पुन्हा बोलण्यात येते. या पदांत प्रश्न आहेत, उत्तरे आहेत, टोमणे आहेत. नाटकाची गोष्टही तशीच घरगुती. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, बहिणीचे मन अर्जुनावर, आणि मधला भाऊ श्रीकृष्ण कोणाला कळू न देता सूत्रे हलवतो आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि भोळा बलराम त्याच्याच सेवेला सुभद्रेला नेमतो. नावे द्वारकेची, पण घर आपल्या ओळखीचे.

ही सुभद्रा प्रथम गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी. 1882 सालीच ते बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आले होते. अण्णासाहेब मात्र 1885 साली गेले, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. त्यांचे नाटक म्हणजे मुळात गायनाची मैफल नव्हती. गाऊन केलेला संवाद होता.

मग नाना म्हणतात ते 'जुने' आले कोठून? ते आले पुढच्या तीस-चाळीस वर्षांत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' 1911 साली आले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या. पदांची संख्या पन्नास-पंचावन्नच्या घरात उतरली, पण एकेक पद फुलू लागले. 1916 च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रागदारी रंगभूमीवर ठाण मांडून बसली. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. अशी साथ मागे असताना दोन ओळींत पद आटोपणार कोण? 'वन्समोअर'चा घोष व्हायचा, पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा व्हायचे, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटे पडायचा. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. आमच्या आजोबांच्या पिढीने तो प्रयोग पाहिला नसला तरी त्याच्या कथा सांगतच हयात काढली.

याच मंडळींनी 'सौभद्र'ही केले, आणि ते त्या काळच्या गायकीत न्हाऊन निघाले. साकी-दिंड्या गळत गेल्या, मोठी पदे आणखी मोठी झाली. नानांच्या गुरुजींनी ऐकले ते हे 'सौभद्र'. ते जुने खरेच, पण पहिले नव्हे.

पुढे पडता काळ आला. 1931 साली 'आलम आरा' निघाला, 1932 साली 'अयोध्येचा राजा'. त्यात स्वतः गोविंदराव टेंबेच राजा हरिश्चंद्र झाले होते. बालगंधर्वही 1935 साली 'धर्मात्मा' बोलपटात एकनाथ होऊन उभे राहिले. नाटकगृहांत बोलपट लागू लागले, कंपन्या कर्जात बुडाल्या. नाट्यपदे उरली ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर, आणि तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तेव्हा पहाटेपर्यंत चालणारी गायकीसुद्धा एकदा तीन मिनिटांत बसवावी लागली होती, आणि बसवणारे आपले थोर गायकच होते, हे आपण विसरतो.

ती पदे पुन्हा नाटकात आणण्याचे श्रेय काही थोड्या माणसांचे. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने 1944 साली मोकळ्या मैदानात नाट्यमहोत्सव भरवला आणि हजारो लोक आकाशाखाली बसून जुनी नाटके पाहून गेले. 1949 साली जयराम शिलेदारांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. ते आणि जयमालाबाई, आणि त्यांच्यामागून कन्या कीर्ती शिलेदार, यांनी गावोगाव संगीत नाटक जागते ठेवले. कीर्तीताई 2022 च्या जानेवारीत गेल्या. गोवा हिंदु असोसिएशनने 'संशयकल्लोळ' आणि 'मृच्छकटिक' नव्या बेताने रंगभूमीवर आणली. विद्याधर गोखल्यांनी 1960 साली 'पंडितराज जगन्नाथ' देऊन नवे संगीत नाटकही चालते हे दाखवले. आणि 26 जून 1968 रोजी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडले. त्याची पायाभरणी 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली होती. पण उद्‌घाटन पाहायला ते राहिले नव्हते.

मोठी नाटकगृहे आली, ध्वनिक्षेपक आले, आणि त्यांच्याबरोबर आणखी एक सवय आली. नट एकमेकांशी गाण्याऐवजी ध्वनिक्षेपकाशी गाऊ लागले. सुभद्रेची तक्रार कृष्णाकडे, पण तोंड प्रेक्षकांकडे! विंगेत बसून मी चाळीस वर्षे हेच पाहत आलो होतो आणि हेच 'जुने' असे समजत होतो.

हे सारे टिपण मी तालमीला वाचून दाखवले. नानांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "चला, अण्णासाहेबांची एक साकी म्हणा बघू. साथ देतो."

गाळलेल्या साक्यांपैकी एक आमच्या सुभद्रेने म्हटली. ध्वनिक्षेपक त्या जागेत नव्हताच. एकशेतीस माणसांना तो हवा कशाला? ती नेहमीच्या सवयीने समोर पाहून गाऊ लागली, तसे नानांनी ऑर्गन थांबवला. "अग, भावाशी बोलते आहेस ना? मग त्याच्याकडे बघ की." ती वळली. दोन ओळी झाल्या आणि कृष्णाचे काम करणारा आमचा गणिताचा मास्तर आपले वाक्यच विसरला. मी ते पुरवले नाही, कारण मीही ऐकतच राहिलो होतो.

मग तडजोड झाली. आठ साक्या-दिंड्या परत आणल्या. मोठ्या पदांतले आलाप आवरले. एक पद मात्र नानांसाठी पुरे ठेवले, अंगावर येईल तेवढे गायचे, घड्याळ न पाहता. प्रयोग दोन तास चाळीस मिनिटांचा झाला.

पहिल्या रात्री एकशेचौदा माणसे होती. पडदा नसल्यामुळे विंगही नव्हती. मी ओट्याच्या कडेला स्टुलावर पुस्तक घेऊन सर्वांसमक्ष बसलो होतो. त्यामुळे जन्मात प्रथमच मला प्रेक्षकांचे चेहरे दिसले. पुढच्या रांगेत दहाएक वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला होता. गाणे सुरू झाले की मुले चुळबुळ करतात असा माझा अनुभव. पण कृष्ण बलरामाची समजूत घालतो त्या प्रसंगी हा मुलगा पदाच्या मध्येच खुदकन हसला. त्याला गाण्यातला शब्द कळला होता.

याउलट नानांच्या पदाला मागून कोणीतरी 'वन्समोअर' म्हणाले. एकच आवाज, थकलेला. नानांनी सुभद्रेकडे पाहिले, तिने मान हलवली, आणि ते पद दुसऱ्यांदा झाले. त्या रात्री तीनचार जणांची शेवटची बस चुकली, आणि त्यांना घरी पोचवण्याचा खर्च संस्थेच्या तोट्यात जमा झाला.

आम्ही काही गमावले नाही असे नाही. गंधर्वकाळाची भव्यता त्या ओट्यावर येणे शक्यच नव्हते. ज्यांनी ती गायकी कानांत साठवली आहे त्यांना आमचे 'सौभद्र' तोकडे वाटले असेल, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याच वर्षी 8 ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली शाहू महाराजांची ती वास्तू. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ती बातमी वाचली त्या दिवशी आमची तालीम होती. नाना येऊन बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "नांदीपासून घ्या."

यंदा देवलांची 'शारदा' करायची आहे, 1899 सालची. नानांनी आधीच बजावले आहे की पुस्तक मूळ आवृत्तीचे आणा, गाळलेले सगळे बघू, मग काय कापायचे ते ठरवू.